फियाटचं पुढचं बाकडं

कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाट अकराशेचं सत्तरच्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' असं बारसं झालं. पण लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. इंजिन १०८९ सी.सी.चं, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. त्यामुळे पुढच्या सलग बाकड्यावर आईबाबांच्या मध्ये माझ्यासारखं एक पोर मावे. बँकेच्या भाषेत हा ओव्हरड्राफ्टच : जागा दोघांची, बसत तिघं! नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं, ते याचसाठी. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. चपळ खरी, पण पुढे खुर्च्या दोन आणि मध्ये गिअर. पोराची रवानगी मागं. वीस वर्षांची मर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. मधलं पोर तेव्हा बँकेत मोटारकर्जाचे अर्ज तपासत होतं.