रेडिस : परवाना व पर्याय

रेडिस : परवाना व पर्याय. रेडिस हे विदा संगणकाच्या मेमरीत ठेवून झटपट पुरवणारे सर्व्हर-सॉफ्टवेअर. लॉगिनची सत्रे, कामांच्या रांगा व कॅशे यांसाठी संकेतस्थळांमागे वापरतात. सिसिलीतील सॅल्व्हातोरे सान्फिलिप्पो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. देखभालीची जबाबदारी त्यांनी २०२० मध्ये सोडली. पुढे ते रेडिसचा विकास करणाऱ्या कंपनीत परतले.

मूळ परवाना : त्रिकलमी बीएसडी. प्रताधिकाराची सूचना व हमी नाकारणारा मजकूर राखावा, मूळ कर्त्यांचे नाव परवानगीवाचून जाहिरातीला वापरू नये, एवढ्याच अटी. त्यामुळे क्लाउड कंपन्या रेडिस चालवून देण्याचे पैसे घेत, पण मूळ कंपनीला काही देणे त्यांच्यावर बंधनकारक नव्हते. हीच मोकळीक पुढे कंपनीच्याही कामी आली. नवी आवृत्ती वेगळ्या परवान्याखाली काढायला शेकडो योगदानकर्त्यांची संमती लागली नाही; जीपीएल असता तर लागली असती. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा होय, तरी चर्चेत तो सहसा मागे पडतो.

बदल : २० मार्च २०२४ रोजी कंपनीने जाहीर केले की, ७.४ आवृत्तीपासून आरएसएएल-२ (रेडिस सोर्स अव्हेलेबल लायसन्स) किंवा एसएसपीएल-१ (सर्व्हर साइड पब्लिक लायसन्स) यांपैकी एक परवाना घ्यावा लागेल. पहिल्यानुसार रेडिस इतरांना व्यवस्थापित सेवा म्हणून विकता येत नाही. दुसरा मूळचा मोंगोडीबीचा (२०१८). त्याचे कलम १३ कडक आहे : सॉफ्टवेअरची कार्यक्षमता सेवा म्हणून दिल्यास व्यवस्थापन, देखरेख, बॅकअप, साठवण यांसाठी लागणारी आपली सारी संहिताही खुली करावी लागते. नावात ‘पब्लिक’ असले तरी हा परवाना मुक्तस्रोत नाही, असे ओपन सोर्स इनिशिएटिव्हने जानेवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले. स्वतःच्या कार्यालयात रेडिस वापरणाऱ्याला या बदलाने प्रत्यक्षात फारसा फरक पडला नाही. अडचण झाली ती सेवा विकणाऱ्यांची आणि लिनक्स वितरणांची; फेडोराने ४१व्या आवृत्तीत रेडिसऐवजी त्यापासून निघालेले व्हॅल्की घेतले.

क्लाउड कंपन्या फुकट लाभ घेतात, ही कंपनीची बाजू. मात्र अमेझॉन व अलिबाबा यांचे कर्मचारी रेडिसच्या मुख्य चमूत होते. कोणाचे योगदान किती, यावर मतभेद आहेत.

पर्याय : लिनक्स फाउंडेशनने २८ मार्च २०२४ रोजी जाहीर केलेले व्हॅल्की हे रेडिस ७.२.४ वरून निघाले, परवाना बीएसडीच. दिलेला परवाना मागे घेतला जात नसल्याने जुन्या संहितेवरून नवी शाखा काढणे शक्य झाले. नाव मात्र बदलावे लागले, कारण व्यापारचिन्ह परवान्यात येत नाही. रेडिक्ट ही शाखा एलजीपीएलखाली आहे. मायक्रोसॉफ्टचे गार्नेट एमआयटी परवान्याखाली असून शाखा नव्हे, स्वतंत्र लेखन आहे. ड्रॅगनफ्लाय पुष्कळदा याच यादीत घातले जाते, पण त्याचा बीएसएल (बिझनेस सोर्स लायसन्स) परवाना ठरावीक मुदत संपेपर्यंत मुक्तस्रोत ठरत नाही. अशा याद्यांवर विसंबू नये. जी आवृत्ती बसवायची तिच्याच संचातली परवान्याची फाइल वाचावी.

एजीपीएल : मे २०२५ मध्ये रेडिस ८ सोबत एजीपीएल-३ हा तिसरा पर्याय आला आणि रेडिस पुन्हा मुक्तस्रोत ठरले. संहितेत फेरफार करून ती नेटवर्कवरून वापरू दिल्यास फेरफारासह संहिता वापरकर्त्यांना उपलब्ध करावी लागते. फेरफार नसल्यास ही अट लागू होत नाही. केवळ नेटवर्कवरून जोडलेल्या अनुप्रयोगालाही परवाना लागू होतो, असे सहसा मानत नाहीत. तरीही काही कंपन्या एजीपीएल टाळतात. गूगलच्या जाहीर नियमांत त्याला मनाई आहे.

वेग व तांत्रिक फरक : आवृत्तीगणिक बदलतात.

भारत : केंद्र सरकारचे मुक्तस्रोत धोरण २०१५ चे, म्हणजे एसएसपीएलच्या आधीचे आहे.