बौद्ध राजाचा तुरुंग

निगडीहून देहूरोड जवळच. 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी तिथल्या विहारात रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली, हे आपल्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच महिन्यात बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. पण ब्रह्मदेशाचं आणि आपल्या मुलखाचं नातं त्याहून जुनं आहे. ते बघायचं तर रत्नागिरीला थिबा पॅलेस बघायला जा.

आज तिथं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. त्याआधी सरकारी तंत्रनिकेतनाचे वर्ग भरायचे. पण मुळात ही इमारत सरकारनं कशाला बांधली? माणूस कोंडायला! ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी त्याला 1885 मध्ये मंडालेत पकडलं, 1886 मध्ये रत्नागिरीत आणून टाकलं आणि 1910 मध्ये या वाड्यात ठेवलं. उतरती कौलारू छपरं, अर्धगोल खिडक्या. बाहेरून राजवाडा, आतून कैदखाना. 1916 च्या डिसेंबरात राजा रत्नागिरीतच मेला. बहादूरशहा जफरला रंगूनला धाडलं, थिबाला कोकणात. एकाचा मुलूख तो दुसऱ्याचा तुरुंग.

थिबाचा बाप मिंडोन. त्यानं 1871 मध्ये मंडालेत पाचवी धम्मसंगीती भरवली, त्रिपिटक 729 संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं. थिबा स्वतः पाली शिकलेला. असा माणूस तीस वर्षं रत्नागिरीत होता. त्याच जिल्ह्यात आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. त्याच जिल्ह्यात दापोली, जिथं रामजी सुभेदार पेन्शनीत राहिले, छोटा भीम वाढला. म्हणजे बुद्धाचं नाव जिल्ह्याच्या गावी आलेलं होतं. महारवाड्यात पोचायला मात्र 1956 उजाडावं लागलं. मध्ये इंग्रजाचा पहारा होता, अन् गावाचा विटाळ.

म्हणून थिबाची आरती करू नका. त्याच्या गादीसाठी 1879 मध्ये राजघराण्यातल्याच माणसांची कत्तल झाली. त्याची नात टुटू रत्नागिरीत गरिबीत जगली, 2000 साली वारली. आपल्याला धम्म कुण्या राजानं दिला नाही. बाबासाहेबांनी दिला, आणि आपण तो समजून घेतला.

मित्रांनो, वस्तुसंग्रहालयात कपाटातल्या वस्तू बघून परत फिरू नका. भिंतींना विचारा, तुम्हाला कुणी बांधलं, कुणासाठी? या कपाटांत आमचं काय आहे?

आणि घरी आल्यावर दुसरं काम करा. 1954 ला देहूरोडला हजर असलेली म्हातारी माणसं आता थोडीच उरली असतील. त्यांना शोधा, विचारा, लिहून घ्या. सरकार कपाट करील तेव्हा करील. आपली वही आजच उघडा.

जय भीम!