उंच उडी : सराव आणि स्पर्धेची तयारी

उंच उडी : मैदानी स्पर्धांतील एक उडीप्रकार. दोन खांबांवर टेकवलेली सुमारे चार मीटर लांबीची आडवी दांडी एका पायावर उसळी घेऊन, ती खाली न पाडता ओलांडायची असते. दांडीला अंग लागले तरी चालते, ती पडता कामा नये. सलग तीन प्रयत्न चुकले की खेळाडू बाद होतो. मूळ नियम एवढेच. तयारी मात्र वर्षानुवर्षांची, आणि तिची सुरुवात उडण्यापासून नव्हे तर पडण्यापासून होते. खेळाडू कशावर पडणार, यावर तो कोणती उडी शिकणार हे ठरते.

वाळूच्या खड्ड्यात पाठीवर पडणे धोक्याचे असते. म्हणून शाळाशाळांतून अजूनही कात्री उडी शिकवली जाते. तीत एक पाय आधी, दुसरा मागून दांडीवरून जातो आणि खेळाडू पायांवर उतरतो. शिकायला ती चांगली, पण तीत कंबर दांडीच्या बरीच वर न्यावी लागते, त्यामुळे उंची लवकर अडते. त्यानंतर आलेल्या स्ट्रॅडल पद्धतीत खेळाडू पोट दांडीकडे करून वळतो. सोव्हिएत संघाच्या व्हॅलेरी ब्रुमेलने १९६३ मध्ये याच पद्धतीने २.२८ मीटरचा जागतिक विक्रम केला होता. पुढे फोमच्या जाड गाद्या आल्या आणि पाठीवर पडण्याची भीती गेली. अमेरिकेच्या डिक फॉसबरीने १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये दांडीकडे पाठ करून २.२४ मीटर उडी मारली व सुवर्णपदक जिंकले. ही ‘फॉसबरी फ्लॉप’ आता सर्वत्र रूढ आहे. श्रेय फॉसबरीला मिळते; त्यातला निम्मा वाटा गादीचा मानायला हरकत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ही गादी किमान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ०.७ मीटर उंच लागते. तेवढी गादी विकत घेणे बहुतेक गावांतल्या शाळांना झेपत नाही.

महाराष्ट्रातले याचे बोलके उदाहरण म्हणजे सर्वेश अनिल कुशारे (जन्म १९९५). नाशिक जिल्ह्यातील देवरगावचा हा शेतकरी कुटुंबातला मुलगा. गादी नव्हती, तेव्हा मक्याचा भुसा भरून केलेल्या गादीवर त्याने फ्लॉप गिरवली. क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव हे त्याचे पहिले मार्गदर्शक. पुढे तो सैन्यदलात गेला. २०१९ च्या काठमांडूतील दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याला सुवर्णपदक मिळाले, २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत त्याने २.२७ मीटर उडी घेतली आणि २०२३ मध्ये बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २.२६ मीटरसह रौप्यपदक पटकावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र २.१५ मीटरवरच थांबावे लागले. वर्षभराने, सप्टेंबर २०२५ मध्ये, टोकियोच्या जागतिक स्पर्धेत तो उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय ठरला आणि २.२८ मीटरसह सहावा आला. तेजस्विन शंकरने २०१८ मध्ये केलेला २.२९ मीटरचा भारतीय विक्रम तेव्हा अवघा एक सेंटीमीटर दूर होता.

उडीचे मर्म धावेत असते. ‘रनअप’ इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा असतो, आधी सरळ आणि शेवटची चार-पाच पावले वळणावर. वळणावर वेगाने धावताना शरीर आतल्या बाजूला कलते. टेकऑफच्या, म्हणजे जमीन सोडण्याच्या, क्षणी ते ताठ होते आणि त्यातूनच दांडीवर पाठ फिरवणारी गिरकी आपोआप मिळते. नवशिके उलटे करतात. ते जमिनीवर असतानाच पाठ फिरवू पाहतात आणि वर जाण्याऐवजी दांडीत शिरतात. टेकऑफ दांडीपासून दूरच्या पायाने, त्या पायाचा पंजा धावेच्या दिशेने आणि दुसरा गुडघा झटक्यात वर. पाय जमिनीला टेकलेला असतो तो सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी वेळ, पण तेवढ्यात घोट्यावर आणि गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. कमान नीट साधली, तर डोके, पाठ, कंबर आणि पाय एकामागून एक दांडीवरून जातात आणि शरीराचा गुरुत्वमध्य दांडीखालून गेला तरी उडी साधते.

घोट्यावर-गुडघ्यावर येणाऱ्या याच भारामुळे जाणते प्रशिक्षक पूर्ण धावेच्या उड्या आठवड्यातून एक-दोनदाच घेऊ देतात, त्याही मोजून. उरलेले दिवस वळणावरची धाव, कमी उंचीचे अडथळे ओलांडण्याच्या उड्या, बैठका, वजन उचलणे आणि पोट-पाठीचे व्यायाम यांत जातात. रोज उंच दांडी लावून पोरांना ‘मार उडी’ म्हणणारा सराव गुडघ्याखालच्या शिरेचे दुखणे घेऊन येतो. वजन हलके राखायला जेवण तोडणे ही दुसरी चूक. वाढत्या वयात, विशेषतः मुलींमध्ये, त्याने हाडे कमजोर होतात.

सरावाचे वेळापत्रक ऋतूही ठरवतो. उदाहरणार्थ, चंद्रपूर जिल्हा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा सराव पहाटे किंवा दिवस कलल्यावरच. पावसाळ्यात मातीच्या मैदानावर वळण घेताना पाय घसरतो. त्या महिन्यांत व्यायामावर भर देणे शहाणपणाचे. भद्रावती तालुक्यातले माजरी हे कोळसा खाणींचे गाव आणि रेल्वे जंक्शन. तिथल्या मुलाला कृत्रिम धावपट्टी पाहायला मिळते ती बल्लारपूरजवळच्या विसापूरला. तिथल्या तालुका क्रीडा संकुलात डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. मातीवर बेतलेला रनअप कृत्रिम पट्टीवर तसाच बसत नाही. पट्टी उसळी देते, पावले लांबतात आणि खेळाडू दांडीच्या फार जवळ येतो. म्हणून स्पर्धेआधी निदान काही दिवस तिथे पाय टाकून खुणा नव्याने मोजाव्या लागतात.

स्पर्धेच्या दिवशी पहिले काम टेपने रनअप मोजून खुणा लावण्याचे. खेळाडूला दोन खुणा लावता येतात. स्पर्धा दोन-दोन तास चालते आणि दोन उड्यांमध्ये बराच वेळ बसून जातो, म्हणून अंग थंड पडू न देणे हेही एक कसब. खरी कसोटी पहिली उंची निवडण्यात असते. फार खाली सुरुवात केली तर पाय आधीच थकतात. फार वर केली आणि तिन्ही प्रयत्न चुकले तर कागदावर उंचीच उरत नाही. एखादी उंची सोडून देऊन पुढची मागता येते. उंची सारखी झाली तर त्या उंचीवर कमी प्रयत्न लागलेला पुढे, आणि तरी बरोबरी राहिली तर आधीचे एकूण चुकलेले प्रयत्न मोजले जातात, त्यामुळे खालच्या दांडीवरची हलगर्जी शेवटी महागात पडते. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत कतारचा मुताझ बार्शीम आणि इटलीचा जियानमार्को तांबेरी २.३७ मीटरपर्यंत एकही चूक न करता गेले, २.३९ वर दोघेही तीनदा चुकले. आणखी उड्या मारून निकाल लावण्याची सोय होती. दोघांनी ती नाकारली आणि सुवर्णपदक वाटून घेतले.