शांतता ही बोलपटाची देणगी

'अ क्वाएट प्लेस' (२०१८) या अमेरिकी भयपटात आवाजाचा माग काढत येणाऱ्या हिंस्र प्राण्यांपासून वाचण्यासाठी एक कुटुंब वाळू अंथरलेल्या वाटांवरून अनवाणी चालतं, खुणांच्या भाषेत बोलतं. हा मूकपटाचा पुनर्जन्म, असं म्हणण्याचा मोह होतो. इतिहास मात्र उलटी साक्ष देतो. मूकपटाचा खेळ मुका नव्हताच. कुठे पियानो, कुठे वाद्यवृंद, आपल्याकडे पेटी-तबला, शिवाय पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचणारे प्रेक्षक! जिथे कुठल्याच पात्राचा आवाज ऐकू येत नाही, तिथे एकाने जीव मुठीत धरून गप्प बसण्यातलं भय जाणवणार कसं? 'नोस्फेराटू' या मूकपटाने (१९२२) घाबरवलं ते सावल्यांनी. आवाज पडद्यावर आला, तेव्हाच तो काढून घेण्याची सोय झाली. फ्रित्झ लांगने 'एम'मधले (१९३१) काही प्रसंग पूर्ण निःशब्द ठेवले, म्हणून तर खुन्याची शिट्टी अंगावर येते; त्याला त्या शिट्टीवरून ओळखतो तो एक आंधळा फुगेवाला. हिचकॉकने 'द बर्ड्स'मधून (१९६३) पार्श्वसंगीतच हद्दपार केलं.

'अ क्वाएट प्लेस'ला पार्श्वसंगीत आहे, मग ही कसली शांतता, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. ते संगीत कमी असतं तर चित्रपट अधिक धीट ठरला असता. पण त्या कुटुंबातल्या कर्णबधिर मुलीच्या बाजूने प्रसंग उलगडतो तेव्हा ध्वनी मावळतो, आणि मागे उभा ठाकलेला धोका फक्त आपल्याला कळतो. ही भूमिका स्वतः कर्णबधिर असलेल्या मिलिसेंट सिमंड्सने केली. या चित्रपटाला ऑस्करचं एकच नामांकन मिळालं, तेही ध्वनिसंपादनासाठी.