गुत्त्यातलं गाणं आणि फडातली बतावणी

करमणुकीचा इतिहास राजवाड्यांत शोधण्यापेक्षा चार लोक जिथे दिवेलागणीला बसतात तिथे शोधावा.

विलायतेत अशी जागा म्हणजे ‘पब’. आपण गुत्ता म्हणू. पण तिकडे तो कामकऱ्यांचा चव्हाटाही असे. लोक पीत, गात, एकमेकांची टर उडवीत. लंडनच्या लॅम्बेथ भागात चार्ल्स मॉर्टन नावाच्या पबमालकाने १८५२ साली ‘कँटरबरी हॉल’ ही गाण्याची जागा काढली आणि ‘म्युझिक हॉल’चा जमाना आला. पुढे १९६३ साली तिकडच्या टेलिव्हिजनने ‘स्टार्स अँड गार्टर्स’ हा कार्यक्रम सुरू केला. स्टुडिओतच लुटुपुटीचा पब उभारला आणि तिथे गाणी नि विनोद झाले. घरबसल्या गुत्ता पाहायला मिळाला. पण घरच्या माणसाने मारलेला टोमणा त्या गायकापर्यंत कसा पोचावा?

आता आपल्याकडे या. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची मोठी जत्रा भरते. घोड्यांच्या बाजाराइतकीच ती तमाशासाठी नावाजलेली. तमाशाचा जन्म काही गुत्त्यातला नव्हे. पण गण, गवळण, बतावणी, लावणी, वग असा एका रात्रीत सगळाच मेवा. सोंगाड्या गावच्या पाटलालाही चिमटा काढतो, समोरून कोणी उत्तर देतो, आणि त्या उत्तरातून पुढचा विनोद सुचतो. म्हणजे प्रेक्षक हाही फडातलाच एक गडी!

१९४८ च्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण लिखाण आधी तपासून घेण्याची अट आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. पाहा, जी बतावणी ऐनवेळी सुचते ती कागदावर आधी कशी उतरावी? मग २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. लावणी घरोघर पोचली, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण कागद काय, कॅमेरा काय, दोघांनीही गाणे राखले. समोरच्याचा जबाब मात्र गळाला.

म्हणून शिक्षकबंधूंना विनंती आहे. मुलांना गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवा. लावणी तर लिहून आणाच, पण सोंगाड्या काय बोलला आणि त्यावर गाव काय म्हणाले, तेही विचारून घ्या. पुस्तकांत नेमका तेवढाच भाग कोरा राहिला आहे.