सांघिक खेळांची घडण : खो-खोपासून पडद्यावरील खेळांपर्यंत

खेळांचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्याकडे बहुधा खेळाडूंचा इतिहास सांगितला जातो. कोणीं किती गडी बाद केले, कोणत्या संघानें कोणती ढाल पटकाविली, यांच्या याद्या निघतात. खेळाचे नियम कोणीं घडविले आणि ते तसेच कां घडविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक चांगला नियम हा चांगल्या खेळाडूपेक्षां दुर्मिळ असतो. हल्लीं घरोघरीं मुलें पडद्यावरचे व्हिडिओ गेम खेळतात. त्यांतील कांहीं खेळ परस्परांना हरवावयाचे नसून, दोघांनीं अथवा चौघांनीं मिळून पार पाडावयाचे असतात. असा खेळ रचणें ही मोठी कारागिरी समजली जाते. तिचें मर्म मला आपल्या खो-खोच्या पाटीवरच सांपडतें, म्हणून आरंभ तेथूनच करतों.

खो-खो किती जुना, या वादांत मी शिरत नाहीं. लेखी नियम मात्र अलीकडचे. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालीं स्थापन झाला आणि १९१४ सालीं त्याच्या समितीनें खो-खोचे नियम प्रथम कागदावर उतरविले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें १९२३ सालीं हुतूतूचे नियम घालून दिले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. नियम लेखी होण्यापूर्वीं आळीआळीचा खेळ निराळा होता. त्यामुळें नाशकाच्या मुलांनीं पुण्याच्या मुलांशीं खेळावयाचें म्हटलें तर पहिला तास भांडणांतच जावयाचा.

आतां या नियमांची करामत पाहा. पाठलाग करणाऱ्या बाजूचे नऊ गडी मैदानांत असतात. त्यांतले आठ मधल्या पाटीवर रांगेनें बसतात, एकाचें तोंड पूर्वेला तर शेजारच्याचें पश्चिमेला. नववा धावतो. पण त्याला दोन बंधनें आहेत. त्यानें मधली पाटी ओलांडावयाची नाहीं आणि एकदां दिशा धरली म्हणजे खांबापर्यंत पोहोंचल्याशिवाय मागें फिरावयाचें नाहीं. पळणाऱ्या गड्याला मात्र कोठूनहि कोठेंहि जाण्यास मोकळीक. म्हणजे शर्यत उघडउघड विषम आहे! वाऱ्याच्या वेगानें धावणारा मुलगा असला तरी एकट्यानें त्याला कांहींच साधत नाहीं. गडी दोन बसलेल्यांच्या मधून पलीकडे सटकला कीं याचे पाय जागच्या जागीं निरुपयोगी झाले. मग एकच उपाय उरतो. पलीकडे तोंड करून बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणावयाचें, आणि त्यानें रिकामी केलेली जागा घेऊन स्वतः मुकाट्यानें बसावयाचें.

शाळेंत तीस-बत्तीस वर्षें मुलांना ‘एकमेकांस मदत करा’ असा उपदेश करण्यांत माझा पुष्कळ घसा सुकला. तो उपदेश सुविचाराच्या फळ्यावरून खालीं उतरलेला मीं क्वचितच पाहिला. खो-खोच्या नियमांत उपदेशाचा एक शब्दहि नाहीं. त्यांत नुसती मनाई आहे. रेषा ओलांडूं नको, मागें फिरूं नको, इतकेंच. परंतु त्या मनाईमुळें सोबत्यावांचून गत्यंतर उरत नाहीं, आणि वर्गांतला अत्यंत आढ्यतेखोर मुलगाहि पाटीवर आला म्हणजे बिनतक्रार ‘खो’ देतो.

हेंच मर्म पडद्यावरील खेळांच्या कारागिरांना बऱ्याच उशिरा उमगलें. १९८५ सालीं अमेरिकेंतील अटारी कंपनीनें ‘गॉन्टलेट’ नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्याच्यापुढें चार जण एकदम उभे राहून खेळत. पण प्रत्येकाची शक्ति आपोआप घटत जाई आणि ती भरून काढावयास पुन्हां नाणें टाकावें लागे. चौघांच्या सहकारांत खरी भरभराट यंत्राच्या मालकाची! याच्या उलट स्वीडनमध्यें तयार झालेला ‘इट टेक्स टू’ हा २०२१ सालचा खेळ एकट्याला खेळतांच येत नाहीं. त्याच्या एका भागांत नवऱ्याच्या हातीं खिळे आणि बायकोच्या हातीं हातोडा दिलेला आहे. खिळ्यावांचून हातोडा व्यर्थ आणि हातोड्यावांचून खिळा व्यर्थ. खो-खोच्या पाटीवर पूर्वेकडे व पश्चिमेकडे तोंडें करून बसविलेल्या गड्यांची योजना याहून निराळी नाहीं.

दुसरी एक अडचण अशी कीं, सारे मिळून खेळूं लागले म्हणजे त्यांतला एक शहाणा सर्वांना हुकूम सोडूं लागतो आणि बाकीचे त्याचीं प्यादीं बनतात. मॅट लीकॉक या अमेरिकन गृहस्थाच्या ‘पँडेमिक’ या २००८ सालच्या बैठ्या खेळांत सर्व खेळाडू मिळून रोगराईशीं लढतात. खेळ नामी आहे, पण सगळे डाव सर्वांसमोर उघडे असल्यानें शहाण्याचें फावतें. यावर आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकारानें १९१० नव्हे, अगदीं अलीकडे, २०१० सालच्या ‘हानाबी’ खेळांत मौजेचा उपाय काढला. प्रत्येकानें आपलीं पानें उलटीं धरावयाचीं. तीं इतरांना दिसतात, स्वतःला नाहीं. २०१३ सालीं या खेळाला जर्मनींतील वर्षाच्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. आमच्या खो-खोंत हा उपाय पहिल्यापासून आहे. बसलेल्याला अर्धेंच मैदान नीट दिसतें, आणि ‘खो’ मिळाल्यावर डावीकडे वळावें कीं उजवीकडे हें त्याचें त्यालाच क्षणांत ठरवावें लागतें. कर्णधार ओरडून सांगेपर्यंत गडी निसटलेला असतो.

हुतूतूकडे वळलों तर आणखी एक गोष्ट दिसते. जुन्या काळीं त्याचे तीन प्रकार होते. ‘अमर’ प्रकारांत बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, नुसता गुण मोजीत. ‘गामिनी’ प्रकारांत बाद झालेला संपूर्ण संघ संपेपर्यंत बाहेर बसे. ‘संजीवनी’ प्रकारांत सोबत्यानें प्रतिपक्षाचा गडी मारला कीं आपला मेलेला गडी जिवंत होई. तिघांत संजीवनी टिकली, आणि आजच्या कबड्डीचा पाया तीच आहे. असें कां झालें असावें? गामिनींत दुबळा मुलगा पहिल्या घटकेला मरे आणि उरलेला वेळ कडेला बसून माती उकरी. अमरांत कोणाच्या मरणाचें कोणाला सोयरसुतक नसे. संजीवनींत मात्र मेलेल्याचे डोळे जिवंत सोबत्याच्या चढाईकडे लागलेले असतात. अमेरिकेंतील ‘लेफ्ट फोर डेड’ या २००८ सालच्या खेळांत चौघांपैकीं एक कोसळला तर दुसऱ्यानें जवळ जाऊन त्याला उठवावें लागतें. या युक्तीची फार वाखाणणी होते. आमच्या परसांतल्या मुलांना ती ठाऊक होती.

आतां एक काळजीची गोष्ट. २०२२ सालीं पुण्यास ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. तींत नऊ मिनिटांचा डाव सात मिनिटांवर आला आणि ‘वजीर’ नांवाचा एक गडी निघाला. या वजिराला कोणत्याहि दिशेस धावण्याची मोकळीक आहे. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना चुरस हवी असते हें मला कळतें, आणि वजिराची धाव पाहावयास सुरेख वाटते हेंहि खोटें नाहीं. परंतु ज्या मनाईनें नऊ जणांना एकत्र बांधलें तीच एकाला माफ केली म्हणजे बसलेल्या आठांची किंमत तितकी उतरते. नियम करणाऱ्यांनीं वजीर एकाचे दोन आणि दोनाचे चार होऊं देऊं नयेत असें माझें मत आहे. जुन्या माणसाचा हट्ट म्हणून कोणीं तें सोडून दिलें तरी माझी हरकत नाहीं. १९ जानेवारी २०२५ रोजीं दिल्लीस पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या पुरुषांनीं नेपाळचा ५४-३६ असा आणि स्त्रियांनीं नेपाळचाच ७८-४० असा पराभव केला. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेहि कर्णधार महाराष्ट्राचे. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चषक उंचावलेल्या खेळाडूंचीं छायाचित्रें पाहिलीं; पाटीवर पाठ करून बसलेल्या आणि थापेची वाट पाहणाऱ्या गड्याचें एकहि माझ्या पाहण्यांत आलें नाहीं.