औषधांची आडनावे

दिल्लीच्या दक्षिणेस सरोजिनी नगर नावाची सरकारी नोकरांची जुनी वसाहत आहे. मूळच्या विनयनगराच्या एका भागास पुढे हे नाव मिळाले. आता तेथील जुनी घरे पाडली जात असून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. परंतु नोकरीनिमित्त दिल्लीस आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचे आयुष्य त्या जुन्या घरांतून गेले. अशाच एका घरी मी गेलो असता तेथील वयोवृद्ध गृहस्थांनी माझ्यापुढे गोळ्यांच्या दोन पट्ट्या ठेवल्या. त्यांना आम्ही सारे नाना म्हणतो. त्यांना रक्तदाबाचा विकार. एक गोळी दिल्लीच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी पुण्यास मुलाकडे गेले असता तेथल्या डॉक्टरांनी. नाना दोन्ही नेमाने घेत, आणि अलीकडे उठताबसता त्यांना चक्कर येई.

पट्ट्यांवरची मोठी नावे अगदी निराळी होती. परंतु बारीक अक्षरांत एकीवर अ‍ॅटेनोलॉल आणि दुसरीवर मेटोप्रोलॉल असे छापलेले होते. शेवट दोहोंचा एकच: 'ओलॉल'. हृदयाची गती मंदावणाऱ्या एकाच कुळातील ही दोन भावंडे. नाना एका औषधाच्या जागी दोन घेत होते, आणि हे त्यांना कोणी सांगितले नव्हते; कारण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची गोळी ठाऊकच नव्हती.

आपल्याकडे पुणेकर, नागपूरकर म्हटले की माणसाच्या मूळ गावाचा पत्ता लागतो. औषधांनाही अशी आडनावे असतात, आणि त्यांचा इतिहास फार जुना नाही.

प्रत्येक औषधास तीन नावे असतात. पहिले रसायनशास्त्राचे, ते इतके लांबलचक की रसायनशास्त्रज्ञावाचून कोणी उच्चारू नये. दुसरे कारखानदाराचे, ते त्याच्या मालकीचे, आणि एकाच औषधास अशी कितीतरी नावे असू शकतात. तिसरे सर्वांचे. त्यावर कोणाचीही मालकी नसते. या तिसऱ्या नावाची जगभर एकच व्यवस्था असावी, या विचारास 1950 साली जिनिव्हा येथे मूर्त रूप आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तिसऱ्या महासभेने तसा ठराव केला आणि 1953 साली नावांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. त्या तिसऱ्या महासभेच्या अध्यक्षस्थानी होत्या भारताच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर. त्यांच्याच प्रयत्नांनी उभी राहिलेली, 1956 च्या कायद्याने स्थापन झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सरोजिनी नगरापासून थोड्याच अंतरावर आहे. नानांच्या हातातील त्या बारीक अक्षरांचा धागा असा त्यांच्याच परिसराशी येऊन जुळतो.

या नावांचे शेवट कोणी आधी बसून रचले असे मात्र नाही. बहुधा घरातील थोरल्याचे नाव पुढे कुळाचे झाले. पेनिसिलियम या बुरशीवरून फ्लेमिंगने आपल्या द्रव्यास पेनिसिलिन म्हटले. त्याची शेपटी घेऊन अ‍ॅम्पिसिलिन आले, अ‍ॅमॉक्सिसिलिन आले. रक्तदाबाच्या औषधांत एनालाप्रिल व रॅमिप्रिल हे 'प्रिल' कुळातील; लोसार्टन व टेल्मिसार्टन हे 'सार्टन' कुळातील. जठरातील आम्ल कमी करणारी ओमेप्राझोल व पॅन्टोप्राझोल ही 'प्राझोल' घराण्यातील. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनचे आडनाव 'ग्लिप्टिन'. वैद्यकाचा विद्यार्थी शेकडो औषधे एकेक करून पाठ करीत नाही. तो अशी वीस-पंचवीस कुळे ओळखून घेतो. व्याकरण शिकताना आपण प्रत्येक शब्द निराळा न घोकता प्रत्यय ओळखतो, तसेच हे.

या आडनावांपैकी एकाचे नाते थेट महाराष्ट्राशी आहे. 1943 साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडले. 'स्ट्रेप्टोमायसीस' नावाच्या मातीतील सूक्ष्मजीवांपासून ते मिळाले, आणि त्या वंशापासून लाभणाऱ्या द्रव्यांस 'मायसिन' हे आडनाव रूढ झाले. पुढे 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अ‍ॅन्टिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधक एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास बुरशीच्या रोगांवर गुणकारी असे एक द्रव्य शोधले. त्याचे नाव ठेवले हॅमायसिन. आरंभीची इंग्रजी अक्षरे संस्थेच्या नावाची, शेवटचे आडनाव कुळाचे. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे नाव तर 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना'! पिंपरीची माती अशी विज्ञानाच्या कोशात जाऊन बसली.

परंतु येथेच एक सावधगिरीही शिकावयास मिळते. स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या जंतूंवर चालते, हॅमायसिन बुरशीवर. आडनाव एकच, काम भिन्न. कारण 'मायसिन' हे औषधाचा जन्म सांगते, धर्म नव्हे. अशीच फसगत 'स्टॅटिन'ची. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन रक्तातील चरबी उतरवते. निस्टॅटिन मात्र बुरशीवरचे औषध असून त्याचे नाव न्यूयॉर्क राज्यावरून पडले. म्हणून चरबीच्या औषधांचे नेमलेले आडनाव 'व्हास्टॅटिन' असे जरा लांब आहे. आडनावावरून माणसाचा स्वभाव सांगू नये, हा आपला अनुभव येथेही खरा ठरतो.

आपल्या निघंटूंत गुळवेलीस गुडूची म्हटले, अमृता म्हटले. गुण पाहून नावे दिली. नव्या पद्धतीने उलट नियम केला. रोगाची वा शरीराच्या अवयवाची सूचना रोग्यास देईल असे नाव टाळावे, असे तिने ठरविले. रोग्याने नाव वाचून घाबरू नये वा स्वतःच वैद्य होऊ नये, हा हेतू योग्यच आहे. पण त्यामुळे रोग्यापाशी उरते ते एक अपरिचित नाव.

भारतात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. 1975 साली हाथी समितीने औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करावीत अशी शिफारस केली. ती पूर्णपणे अमलात आली नाही. 2018 सालापासून मात्र बहुतेक औषधांवर सर्वांचे नाव व्यापारी नावाहून मोठ्या अक्षरांत छापावे असा नियम आहे. नानांची जुनी पट्टी त्यापूर्वीची असावी, किंवा त्यांचा चष्मा जुना असावा. पण वाचावयाचे कुठे, हेच त्यांना ठाऊक नव्हते, हे खरे.

श्रोतेहो, आपण सर्वांनी ही कुळे पाठ करावीत असे माझे म्हणणे नाही. औषध स्वतः बंद करणे तर फार घातक. 'ओलॉल' कुळातील गोळी एकाएकी सोडल्यास हृदयास अपाय होऊ शकतो. परंतु ज्याला पेनिसिलिन सोसत नाही, त्याने अ‍ॅमॉक्सिसिलिन हातात आल्यावर शेवटची अक्षरे पाहून 'हे चालेल ना?' असे विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने प्राण वाचू शकतो.

नाना दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे गेले. एक गोळी त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी होऊन थांबली, आणि चक्कर गेली. आता गावोगावच्या सर्व औषधांची सर्वांची नावे ते एका वहीत लिहून ठेवतात, आणि कोणत्याही डॉक्टरांपुढे बसताच ती वही आधी पुढे करतात.